गुडघ्याचा बंध आणि मैदानाची मुदत

डिचोली महालातील आमोण्यात बर्फ पडत नाही. परंतु गुलमर्गच्या उतारावर स्कीइंग करताना गुडघ्यातील जो अस्थिबंध तुटतो, तोच आपल्याकडे फुटबॉलच्या मैदानात, पाऊल रोवलेले असता शरीर अकस्मात वळल्याने तुटतो. शस्त्रक्रियेत बहुधा मांडीमागच्या स्नायूची कंडरा घेऊन नवा बंध बसवितात. मात्र पहिल्या काही महिन्यांत, वेदना ओसरून गुडघा बरा भासू लागतो त्याच सुमारास, हा बंध आतून दुर्बळ असतो, आणि तरुण खेळाडू नेमके तेव्हाच उतावीळ होतात, याची मला फार काळजी वाटते. म्हणून निदान ९ महिन्यांची मुदत पाळावी, आणि शस्त्रक्रिया झालेल्या पायाची ताकद व एकपायी उडी दुसऱ्या पायाच्या ९० टक्क्यांपर्यंत आल्याखेरीज, केवळ तारखेच्या दाखल्यावर, कोणीही मैदानात उतरू नये.