कुलाब्याची बंदिवान

नोव्हेंबर 1712. कारवारहून मुंबईकडे निघालेल्या इंग्रजी जहाजांवर कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराने झडप घातली. तोफगोळ्याने हात तुटलेल्या टॉमस चाउनने बायकोच्या मांडीवर प्राण सोडला. बायको कॅथरीन. वय विशीच्या आत, आणि हे तिचं दुसरं वैधव्य! वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास तिचं लग्न कारवारच्या इंग्रज वखारीचा म्हातारा प्रमुख जॉन हार्वे याच्याशी लावलं होतं.

गरोदर कॅथरीनला अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ठेवलं गेलं. फेब्रुवारी 1713 मध्ये 30 हजार रुपये खंडणी मोजून इंग्रजांनी तिला सोडवलं. इंग्रजांच्या लेखी कान्होजी ‘चाचे’. मराठ्यांच्या दरबारी ते सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. त्यांचं दस्तक (परवाना) न घेणारं जहाज अडवणं हा त्यांच्या दृष्टीने हक्कच होता. खंडणी मात्र घसघशीत, हे मान्य करायला हवं.

सुटकेनंतर कॅथरीनने तिसरं लग्न विल्यम गिफर्डशी केलं. तो केरळातल्या अंजेंगोच्या इंग्रज वखारीचा प्रमुख झाला. 1721 मध्ये स्थानिकांनी त्याला साथीदारांसह ठार केलं. कॅथरीन समुद्रमार्गे मद्रासला निसटली. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने गिफर्डच्या हिशेबांचा तगादा लावला, तेव्हा ती ब्रिटिश नौदलाच्या कमोडोर मॅथ्यूजच्या आश्रयाने सरळ इंग्लंडला निघून गेली.