कोरड्या मुलखातला जलरंग

महाराष्ट्रातल्या जलरंगी निसर्गचित्रांचा मागोवा घेतला, तर चित्रकारांची पावलं बहुतेक पाण्याकडेच वळलेली दिसतात. १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी आली, आणि पुढे नदीचे घाट, होड्या, कोकणातली ओली हिरवाई हे या माध्यमाचे हक्काचे विषय होऊन बसले. बालाघाटाच्या कडेचा, पर्जन्यछायेतला जामखेड तालुका त्यात क्वचितच आला. ही उणीव मला मोठी वाटते. जलरंगाला लागणारा निवांतपणा एकाच जागेकडे बारा महिने बघत राहिल्याने येतो, असं माझं मत आहे. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी कोटितीर्थाचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. तळं गावातलंच, रोजच्या पाहण्यातलं. बदलत होता तो त्यावरचा उजेड. जामखेडच्या विंचरणा नदीला हाच न्याय लावून बघावा. सौताड्याच्या दरीत (ती बीड जिल्ह्यात, पण जामखेडकरांना आपलीच) श्रावणात तिचा गढूळ लोट कोसळतो, हिवाळ्यात त्याची बारीक धार उरते आणि चैत्रात नुसता काळा कातळ. हा कातळ दिसतो तेवढा काळा नसतो. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन कागदावरच एकमेकांत मिसळू दिले, की त्याचा जांभळट करडा रंग आपोआप उतरतो. उन्हाची कड मात्र कोऱ्या कागदाचीच राखावी लागते. हिरव्यागार दृश्यात चित्रकार रंग भरत सुटतो. इथे काय सोडायचं ते आधी ठरवावं लागतं, आणि त्या ठरवण्यातच मन स्थिरावतं.

यावर कुणी म्हणेल, एप्रिलच्या झळांत पातळ रंगाचा वॉश पसरायच्या आतच वाळतो, मग जलरंग कसला? अडचण खरी आहे. पण सकाळी लवकर बसून, कागद दोन्ही बाजूंनी भिजवून ती बरीच आटोक्यात येते. शिवाय चटकन वाळल्याने उमटणाऱ्या धारदार कडा खडकाला शोभूनच दिसतात. उलट ऐन पावसात कोकणात वॉश वाळता वाळत नाही, तरी तिथे चित्रं झालीच. दुसरा आक्षेप जास्त जिव्हारी लागणारा आहे: १९७२ चा दुष्काळ सोसलेल्या मुलखात शांतता शोधणं म्हणजे इथल्या हालांकडे पाठ फिरवणं नव्हे का? चित्रकार भेगाळलेली जमीन नुसती पोत म्हणून वापरणार असेल, तर आक्षेप मान्य. पण नीट बघणाऱ्याला ज्वारीच्या रानामागचा दगडी बांध दिसतो, विहिरीचा तळ गाठत चाललेलं पाणी दिसतं, कडब्याची गंजी किती उरली तेही दिसतं. निवांत बसल्याशिवाय हे दिसत नाही. म्हणूनच शाळेतल्या मुलांना दोन डोंगरांमधला सूर्य आणि नारळाची झाडं गिरवायला लावण्याऐवजी, विंचरणेच्या पात्रातला एखादा खडक जूनपासून मेपर्यंत दर महिन्याला रंगवायला द्यावा.