पुराची पेटी

“किती फूट झालं?” जुलैत कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या चहाच्या गाड्यावरचा पहिला प्रश्न हाच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ. आमच्या बहुतेक गल्ल्यांत नदीचं पाणी येत नाही, येतो तो आकडा. आणि रोज तोच आकडा ऐकून कान बधिर होतात.

म्हणून गेल्या पावसाळ्यात पेटी काढली. काळी एकचा सा धरला आणि त्याला ४३ फूट दिले. पाणी फूटभर वाढलं की शेजारची पट्टी, मग ती काळी असो वा पांढरी. इशाऱ्याची पातळी मंद्रातल्या कोमल धैवतावर आली. सप्तकात स्वर बारा, म्हणजे तार षड्ज ५५ फुटांवर. ऑगस्ट २०१९मध्ये नदी त्याच्याही वर गेली होती. इशारा ते धोका जेमतेम चार पट्ट्या, आणि त्यापुढे अख्खं सप्तक! वर्तमानपत्रात वाचून हे कधी जाणवलं नव्हतं.

आकड्यांच्या अशा ध्वनीकरणाचं गाजलेलं उदाहरण २०१३चं. मिनेसोटा विद्यापीठातल्या डॅनियल क्रॉफर्ड या विद्यार्थ्यानं १८८०पासूनचं पृथ्वीचं सरासरी तापमान चेलोवर वाजवलं. एक वर्ष, एक स्वर. सगळ्यांत थंड १९०९ला चेलोचा सर्वांत खालचा स्वर, आणि साधारण ०.०३ अंश वाढीला अर्धा स्वर वर. शेवटी चेलो अक्षरशः किंचाळतो.

मात्र गरम म्हणजे तार, हे क्रॉफर्डनं ठरवलं. धोका म्हणजे षड्ज, हे मी. आकडे निसर्गाचे असले तरी चाल माणसाची असते, हे ऐकणाऱ्यानं विसरू नये. शिवाय एकटा पूर म्हणजे हवामानबदल नव्हे. त्यात पूररेषेतली बांधकामंही आली, धरणांचे विसर्गही आले.

हवामानबदल ऐकायचा तर दशकं ऐकावी लागतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये दाखवलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. इथं मला पेटीपेक्षा तबला खरा वाटतो. गायक अल्लादियाखाँच्या या गावात फोड करून सांगायलाच नको: ठाय लयीतला ठेका तिगुनीत गेला.

बंधाऱ्याची पातळी पावसाळ्यात रोज छापून येते. घरात पेटी असेल तर वाजवून बघा. सुरुवात ३१ फुटांपासून करा, तो मंद्र षड्ज.