झिजलेल्या टायरची साक्ष

मागचं चाक उतरवून समोर उभं धरलं की आधी त्याची कमान बघावी. नव्या स्पोर्ट टायरचा माथा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग गोल असतो. माझ्या केटीएम आरसी ३९० च्या मागच्या टायरला मधोमध सपाट पट्टा पडला होता. कडेची नक्षी जवळजवळ कोरी आणि मध्यावर रबर थेट टीडब्ल्यूआयच्या, म्हणजे झिजेची मर्यादा दाखवणाऱ्या, उंचवट्याला टेकलेलं. नाना पेठेतल्या टायरवाल्यानं त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "चौकोनी झालाय. सरळ रस्त्यावर जास्त चालवता ना, दादा?"

त्याचं म्हणणं खरं होतं. आठवडाभर हिंजवडीची ये-जा, अधूनमधून सातारा रस्ता आणि पावसाळ्यात ताम्हिणी घाट. नवा टायर निवडताना आपण स्वतःला कसे चालक समजतो यापेक्षा जुन्या टायरवर काय उमटलंय ते महत्त्वाचं. मधला पट्टा सपाट असेल तर सरळ धाव जास्त. पुढच्या टायरवर वर-खाली लाटा असतील तर हवा कमी राहिलेली असते किंवा सस्पेन्शन तपासायला हवं. बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा असतील, तर नक्षी कितीही खोल असो, रबर वाळलंय.

मग येतो आकार. आरसी ३९० ला पुढे ११०/७० आणि मागे १५०/६०, दोन्ही १७ इंची. मागचा टायर १५० मिलिमीटर रुंद, उंची त्याच्या ६० टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर. या आकारानंतर '६६ डब्ल्यू' लिहिलेलं असेल, तर ६६ म्हणजे ३०० किलो भार आणि डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतचा वेग. गाडी तेवढी धावत नाही, पण हा आकडा टायरच्या बांधणीबद्दलही सांगतो. कंपनीनं मॅन्युअलमध्ये दिलेल्या भार आणि वेगाच्या दर्जाखाली उतरू नये.

दुकानात थांबलो असताना एकानं विचारलं, "मागे १६० बसेल का? भरीव दिसतो." ओढून-ताणून बसतो, पण ही रिम चार इंची आणि १६० चा टायर साधारण साडेचार इंची रिमवर खुलतो. अरुंद रिमवर त्याच्या कडा आत दाबल्या जातात, माथा टोकदार होतो आणि गाडी वळणात ज्या सहजतेनं झुकायला हवी तशी झुकत नाही. दिसायला मिळालेली ती रुंदी वळणातल्या विश्वासातून वजा होते.

खरी निवड कंपाउंडची, म्हणजे रबराच्या मिश्रणाची. मऊ रबर रस्ता घट्ट धरतं आणि लवकर झिजतं. कडक रबर टिकतं, पण थंड किंवा ओल्या रस्त्यावर कमी पडतं. ट्रॅकसाठीच्या मऊ टायरला पकड येण्यासाठी आधी भरपूर तापावं लागतं. सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्या गाडीवर तो तेवढा तापतच नाही. म्हणून रस्त्यावरच्या गाडीला दुहेरी कंपाउंडचा टायर चांगला: मध्यावर टिकाऊ, कडांना मऊ. रबरात सिलिका असेल तर ओल्या डांबरावरची पकड सुधारते.

माझ्यासमोर पर्याय होते ते असे. पिरेली डायब्लो रोसो मालिका वळणांवर प्रेम करणाऱ्यांची. मिशेलिन रोड ५ लांबच्या प्रवासासाठी आणि पावसासाठी बनलेला. त्याच्या खाचा झिजेबरोबर रुंद होतात, त्यामुळे जुना झाल्यावरही पाणी बाहेर टाकतो. शिवाय देशी रेडियल आहेत, एमआरएफचा स्टील ब्रेस आणि अपोलोचा अल्फा एच१. वळणाची हौस मलाही आहे. पण जुन्या टायरच्या कोऱ्या कडांनी सांगितलं होतं की ती मी क्वचितच भागवतो. ताम्हिणीचा रस्ता मात्र दर पावसाळ्यात वाट पाहतो: शेवाळलेल्या कडा, दरडीची लाल माती, ट्रकमधून सांडलेलं डिझेल. टायरची तळहाताएवढी जागाच त्यावर टेकलेली असते. मी मिशेलिन घेतले. तुमच्या टायरच्या कडा मध्याआधी झिजत असतील, तर पिरेलीच घ्या.

पुढचा टायर अजून चालण्यासारखा होता, तरी मी जोडीच बदलली. मागचा एकटा बदलायचा तर पुढच्या टायरच्याच मॉडेलचा घ्यावा. रेडियल आणि बायस या वेगवेगळ्या बांधणीच्या टायरांची मिसळ तर करूच नये. दोघांच्या भिंती वेगळ्या प्रमाणात लवतात आणि वळणात गाडीचं पुढचं आणि मागचं टोक वेगवेगळं बोलू लागतं.

पैसे देण्याआधी दोन्ही टायरवरचा डीओटी क्रमांक वाचला. त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३२४ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. सवलतीत मिळणारा टायर कधीकधी गोदामात म्हातारा झालेला असतो.

बसवणं पाहण्यासारखं होतं. कारागिरानं आधी फिरण्याच्या दिशेचा बाण तपासला, रिमची कड पुसली, व्हॉल्व्ह नवा घातला आणि टायरच्या आतल्या कडेला, म्हणजे बीडला, साबणाचं पाणी लावलं. हवा भरताना दोन वेळा 'फट्' आवाज आला आणि दोन्ही कडा बसल्या. टायरच्या बाजूला रिमलगत बारीक रेषा असते, ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते का हे त्यानं चाक फिरवून पाहिलं. मग बॅलन्सिंग. हे टाळणारी दुकानं आहेत. तिथे पैसे वाचतात आणि वेगात हँडल थरथरतं.

नवा टायर घेऊन लगेच घाटात जाऊ नये. त्याचा वरचा थर गुळगुळीत असतो. पहिले शे-दीडशे किलोमीटर हळू ब्रेक, सौम्य गती आणि झुकाव थोडा थोडा वाढवत नेणं, एवढं पाळावं. हवा मात्र कायम पाळायची: गाडी उभी असताना, टायर थंड असताना, मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे आणि डबलसीट असताना तिथेच दिलेल्या वेगळ्या आकड्याप्रमाणे. उत्तम कंपाउंडचा टायरही हवा कमी असेल तर कडांनी झिजतो, तापतो आणि त्याचा आकार बिघडतो. म्हणजे पुढच्या वेळी टायर निवडताना वाचायची साक्षच खोटी पडते.