मोडीची वेबसाइट कुठे ठेवावी?

देवनागरीतला ‘म’ साठवायला संगणकाला तीन बाइट लागतात, मोडीतल्या ‘म’ला चार. हा एका बाइटचा फरक ठाऊक नसेल, तर जुन्या कागदांवर महिनोन्‌महिने खपून तयार केलेला मजकूर अर्ध्यावर तुटून जाऊ शकतो. होस्टिंगच्या जाहिरातींत याबद्दल अवाक्षर नसतं. तिथे जीबी असतात, ‘अनलिमिटेड’ असतं आणि पहिल्या वर्षाची घसघशीत सवलत असते.

उदाहरण चेन्नईचं घेऊ. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरला राज्य वसवलं, १८५५ मध्ये ते खालसा झालं, पण त्याच्याबरोबर दक्षिणेत गेलेली मराठी घरं तिकडचीच झाली. त्यांतली बरीचशी पुढे मद्रासला स्थायिक झाली. तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०३ साली तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला, आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांची बाडंच्या बाडं आहेत. संस्थांकडचे कागद संस्था सांभाळतील. घरातल्या पेटीतली पत्रं आणि जमाखर्च मात्र ज्याचे त्यानेच जपायचे आहेत. अशा एखाद्या घरातल्या मुलीने त्या कागदांचे फोटो, मोडी मजकूर आणि शेजारी देवनागरी लिप्यंतर अशी स्वतःची वेबसाइट करायची ठरवली, तर तिने जागा कशी निवडावी? तिचे वाचक म्हणजे चेन्नईतले नातेवाईक, पुण्या-मुंबईचे अभ्यासक आणि अमेरिकेत गेलेली भावंडं.

आधी अक्षरांचं बघू, कारण तिथली चूक नंतर दुरुस्त होत नाही. युनिकोडमध्ये मोडी आली ती २०१४ च्या जूनमध्ये, ७.० या आवृत्तीत. देवनागरी तिथे पहिल्यापासून असल्यामुळे तिला सुरुवातीच्या ६५,५३६ क्रमांकांच्या पट्ट्यात स्थान मिळालं. मोडीला त्या पट्ट्याच्या पलीकडचे क्रमांक मिळाले. यूटीएफ-८ या पद्धतीत अलीकडच्या अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट पुरतात, पलीकडच्या अक्षराला चार लागतात. गोम अशी की, असंख्य वेबसाइटींमागे असणारा मायएसक्यूएल हा डेटाबेस ‘यूटीएफ८’ या नावाने जो प्रकार देत होता, तो तीन बाइटांवरच थांबायचा. चार बाइटांचं अक्षर आलं की, सेटिंग सैल असेल तर त्या अक्षरापासून पुढचा सगळा मजकूर कापला जायचा, आणि कडक असेल तर चूक दाखवून मजकूर नाकारला जायचा. ‘यूटीएफ८एमबी४’ हा पुरा प्रकार २०१० मध्ये आला. वर्डप्रेसने तो २०१५ मध्ये स्वीकारला आणि मायएसक्यूएलच्या ८.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, तो आपोआप लागू होऊ लागला. तरीही जुना डेटाबेस तसाच पुढे ओढत आणलेला असेल, तर तो जुन्याच पद्धतीने वागतो.

परीक्षा सोपी आहे. पैसे परत मिळण्याच्या मुदतीतच एक चाचणी-पान करावं आणि त्यात एक ओळ लिहावी: आधी देवनागरी शब्द, मग मोडीतलं एखादं अक्षर, मग पुन्हा देवनागरी शब्द. ओळ सेव्ह करावी, पान बंद करून परत उघडावं. शेवटचा शब्द गायब झाला असेल, तर त्या डेटाबेसवर एकही कागद चढवू नये. शब्द जागेवर आहे पण मोडीच्या जागी रिकामी चौकट दिसते, असं झालं तर घाबरायचं कारण नाही. अक्षर सुखरूप आहे, वाचणाऱ्याच्या फोनमध्ये मोडीचा फाँट नाही एवढंच. नोटो सान्स मोडी हा मोफत फाँट आपल्याच सर्व्हरवर ठेवून पानाबरोबर पाठवला की काम होतं.

जागा किती लागते हा त्यामानाने किरकोळ प्रश्न आहे. हजार शब्दांचा मराठी लेख साधारण वीस केबीत मावतो. फोनवर काढलेला एका कागदाचा फोटो तीन-चार एमबीचा, म्हणजे तसल्या दोनशे लेखांएवढा. अशा फोटोंनाही पाच जीबीत बाराशेच्या वर जागा होते. एका घराच्या पेटीला तेवढं भरपूर झालं. ‘अनलिमिटेड’ला भुलून जे महाग पॅकेज घेतात त्यांना बहुतेक वेळा मर्यादा भेटते ती वेगळीच, फाइलींच्या संख्येची. ती अटींच्या बारीक अक्षरांत ‘आयनोड’ या नावाखाली दिलेली असते. वर्डप्रेसच्या स्वतःच्याच काही हजार फाइली असतात, आणि चढवलेल्या प्रत्येक फोटोच्या ते लहान-मोठ्या आकारांत आणखी अनेक प्रती करून ठेवतं.

आता अंतर. इंटरनेटवरचा मजकूर बहुतेक वाट काचेच्या तंतूतून, प्रकाशाच्या रूपाने कापतो. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर, म्हणजे निर्वात पोकळीतल्या वेगाच्या दोन-तृतीयांश असतो. दर शंभर किलोमीटरच्या जाण्यायेण्याला एक मिलिसेकंद, असा हिशेब मांडता येतो. चेन्नईहून अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातला सर्व्हर सरळ रेषेत मोजला तरी सुमारे चौदा हजार किलोमीटरवर आहे. तिथे जाऊन यायला निसर्गनियमानेच १४० मिलिसेकंद लागतात, आणि केबल सरळ रेषेत जात नसल्यामुळे प्रत्यक्षात २०० च्या वर. हेही एकदाच करून भागत नाही. आधी जोडणी मागायची, मग गुप्ततेच्या किल्ल्या ठरवायच्या, मग पान मागायचं, अशा साधारण तीन फेऱ्या झाल्यावर पहिलं अक्षर येतं. म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ नुसत्या येरझाऱ्यांत जातो. तोच सर्व्हर मुंबईत असेल तर एक फेरी वीस-तीस मिलिसेकंदांत होते. कोणत्याही कंपनीला हा नियम पैशाने वाकवता येत नाही. म्हणूनच होस्टिंग देणाऱ्याला माझा पहिला प्रश्न असतो, ‘सर्व्हर कोणत्या शहरात आहे?’ ‘क्लाउडमध्ये’ हे काही त्याचं उत्तर नव्हे.

या बाबतीत चेन्नईचं भाग्य मोठं आहे. मद्रासहून पेनांगमार्गे सिंगापूरला जाणारी तारेची समुद्री केबल १८७१ मध्येच सुरू झाली होती. पूर्व किनारा आणि समोर सिंगापूर, या भूगोलामुळे फायबरच्या काळातही हेच शहर निवडलं गेलं. भारती आणि सिंगटेलची आय-टू-आय केबल २००२ मध्ये आली, टाटांची चेन्नई–सिंगापूर केबल २००४ मध्ये. अंदमान-निकोबारला जोडणारी सुमारे २,३०० किलोमीटरची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली, तीही चेन्नईहूनच. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात पहिली डेटा केंद्रं उघडली ती पुणे, मुंबई आणि चेन्नईत. अकामाईने २०२३ पासून चेन्नईत छोटे सर्व्हर भाड्याने देणं सुरू केलं आहे. स्वतःची वेबसाइट स्वतःच्याच शहरात ठेवणं आता सामान्य माणसाच्या खिशाला परवडू शकतं.

पण शहर तेच असलं म्हणून वाट जवळची असतेच असं नाही. घरी इंटरनेट देणारी कंपनी आणि सर्व्हरची कंपनी यांची गाठ चेन्नईत पडत नसेल, तर माहितीचं पाकीट मुंबईला किंवा थेट सिंगापूरला जाऊन परत येतं. देशातली वाहतूक देशातच राहावी म्हणून २००३ मध्ये निक्सी ही संस्था स्थापन झाली, आणि तिचं एक विनिमय केंद्र चेन्नईत आहे. आपली वाट कशी जाते हे घरबसल्या बघता येतं. होस्टिंगवाल्याकडून चाचणीचा पत्ता मागून घ्यावा आणि संगणकावर ट्रेसराउट ही आज्ञा चालवावी. एकेका ओळीत वाटेवरच्या राउटरचं नाव येतं, आणि त्या नावात बरेचदा विमानतळाची तीन अक्षरं दडलेली असतात. ‘एमएए’ म्हणजे चेन्नई, ‘बीओएम’ मुंबई, ‘एसआयएन’ सिंगापूर. चेन्नई ते चेन्नई प्रवासात मधेच ‘एसआयएन’ दिसलं आणि मिलिसेकंदांचा आकडा तीनावरून साठावर गेला, की काय घडतंय ते कळतं. मात्र ही परीक्षा आपल्या एकट्याच्या जोडणीची असते. पुण्यातल्या आणि अमेरिकेतल्या माणसालाही ती करायला सांगावी. दूरच्या वाचकांसाठी सीडीएनची, म्हणजे ठिकठिकाणी प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्याची, सोय असेल तर उत्तमच. फोटोंच्या प्रती त्यांच्या जवळच्या शहरात आधीच ठेवलेल्या असतात आणि मूळ सर्व्हरला हेलपाटा पडत नाही.

समुद्राकाठी राहण्याची किंमतही चेन्नई मोजते. १ डिसेंबर २०१५ च्या पावसाने शहर असं बुडालं की कामगार छापखान्यापर्यंत पोचू शकले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी ‘द हिंदू’चा चेन्नईचा अंक निघाला नाही. पुढच्याच वर्षी, १२ डिसेंबर २०१६ ला, वरदा चक्रीवादळ शहरावर आदळलं आणि केबलला इजा होऊन इंटरनेट मंदावलं. डेटा केंद्राच्या इमारती उंच जोत्यावर असतात, जनरेटरही असतात. पण जनरेटर डिझेलवर चालतो आणि साठा संपत आला की टँकर रस्त्यानेच यावा लागतो. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच कंपनीचं पाच मजली डेटा केंद्र जळून खाक झालं. लाखो वेबसाइटी बंद पडल्या, आणि ज्यांच्या बॅकअपच्या प्रतीही त्याच आवारात होत्या त्यांचं सर्वस्व गेलं. मोठ्या कंपन्या यावर शहरांच्या जोड्या लावून तोड काढतात. मायक्रोसॉफ्टने चेन्नईची जोडी पुण्याशी लावली आहे. आपल्या छोट्या वेबसाइटलाही हाच न्याय लावावा. सर्व्हर चेन्नईत असेल तर एक प्रत देशावरच्या नातेवाइकाच्या हार्ड डिस्कवर हवी, आणि ती अधूनमधून उघडून बघायला हवी. ‘डेली बॅकअप’ असं पॅकेजवर लिहिलेलं असतं, त्यात तो बॅकअप आपल्याला उतरवून घेता येतो की नाही हे विचारायचं राहून जातं.

या सगळ्याचा विचार करता, या मुलीला मी डेटाबेसशिवायच वेबसाइट करायला सांगेन. कागद बदलणार नाहीत, लिप्यंतर क्वचितच सुधारेल. अशा मजकुराला साध्या एचटीएमएल फाइली पुरतात. त्या कोणत्याही सर्व्हरवर चालतात, त्यांना घुसखोरीची धास्ती फारशी नसते, चार बाइटांचं अक्षर डेटाबेसमध्ये अडकत नाही, आणि सगळी वेबसाइट एका फोल्डरात घेऊन तासाभरात दुसरीकडे जाता येतं. डोमेनचं नाव मात्र होस्टिंगबरोबर फुकट मिळतंय म्हणून घेऊ नये. ते वेगळ्या नोंदणीदाराकडे, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घ्यावं. सवलतीचं पहिलं वर्ष संपून नूतनीकरणाचा आकडा तिप्पट झाला, तर निघून जाण्यासाठी तेवढं एक नाव आपल्या हातात असलं पाहिजे. देवनागरीतलं ‘.भारत’ २०१४ पासून मिळतं. मराठी वेबसाइटला ते शोभतं, पण अमेरिकेतल्या भावंडांच्या कीबोर्डचा विचार करून रोमन लिपीतलं ‘.इन’ही सोबत घ्यावं आणि दोन्ही नावं एकाच पानावर आणावीत. आणि पैसे भरण्याआधी अक्षरांचा, शहराचा आणि बॅकअपचा प्रश्न लेखी विचारावा. ज्या कंपनीचा माणूस ‘यूटीएफ८एमबी४’ म्हणजे काय हे दोन ओळींत सांगतो, तिला महिन्याचे पन्नास रुपये जास्त द्यायला माझी तरी ना नाही.