काचेच्या छताखालचा उन्हाळा

ठाणे, कल्याण-डोंबिवलीत १६ मेच्या सुमारास भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. गच्चीवरच्या काचेच्या छताच्या खोलीला हे दिवस फार जड जातात. काचेतून ऊन सहज आत शिरतं. पण तापलेल्या फरशीची उष्णता काच तशी बाहेर सोडत नाही. आतून पडदा लावला तर पडदाच तापतो आणि खोलीत धग सोडत राहतो. म्हणून ऊन काचेच्या वरच अडवायला हवं. रोपवाटिकेत वापरतात ती हिरवी शेडनेट छतापासून वीतभर उंच ताणा, मधून हवा खेळू द्या. छतालगत झडप असेल तर वर साठलेली गरम हवा निघून जाते. वाळ्याचे पडदे, कूलर विदर्भात उत्तम. इथल्या दमट हवेत घामच वाढतो. वळवाचं वादळ येण्याआधी नेटच्या गाठी मात्र तपासा.