पायरीपाशीं चोखोबा

पंढरपुरास नामदेवाच्या पायरीसमोरील चोखोबांची समाधि आमच्या वाचकांनीं पाहिलीच असेल. मंगळवेढ्यास भिंत कोसळून १३३८ सालीं ते वारले, असें सांगतात. त्यांचे अभंग वारकरी आवडीनें गात आले. त्यांच्या महार बांधवांस मात्र देवळांत मज्जाव होता. साने गुरुजींनीं १ मे १९४७ रोजीं प्राण पणास लावले. त्यांचें उपोषण सुटलें, तें मंदिर खुलें करण्याचें ठरल्यावरच. ‘आम्हीं त्यांना आंत घेतलें,’ असें सुशिक्षित घरांतून अजूनहि मोठ्या कौतुकानें बोलतात. आम्हांस हें बोलणें खटकतें. क्षमा करण्याचा अधिकार पायरीखालीं तिष्ठत राहिलेल्यांचा होता. सहाशें वर्षें बाहेर ठेविलेलीं तीं माणसें दार उघडतांच आंत आलीं, आणि त्याच विठोबापुढें त्यांनीं हात जोडले.